परतीचा पत्ता

यंत्रांच्या इतिहासांत शोधांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. चुकांच्या फारशा सांगितल्या जात नाहींत. वाफेचें इंजिन कोणीं सुधारलें, तारायंत्र कोणीं बसविलें, हें शाळेंतला मुलगाहि सांगूं शकतो. परंतु तें यंत्र पहिल्या दिवशीं कां अडलें, आणि अडण्याचें कारण कोणीं कसें हुडकून काढलें, हें सांगणारा विरळा. संगणकाच्या बाबतींत हा अन्याय विशेष जाणवतो. कारण ज्या युक्तीनें या यंत्राचें सामर्थ्य शतगुणित झालें ती युक्ति, आणि त्याच्या चुका शोधण्याची विद्या, या दोन्ही एकाच प्रयोगशाळेंत, एकाच सुमारास, त्याच चार-दोन माणसांच्या हातून वाढीस लागल्या. पुढें थोरली बहीण जगभर गाजली. धाकटीचा मात्र अनेकांना विसर पडला. त्या विसराची किंमत अखेर निरपराध माणसांना द्यावी लागली, म्हणून हा इतिहास केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाहीं.

ही युक्ति समजण्यास गणिताची गरज नाहीं. घरीं पूजा सांगणारे गुरुजी पोथी पुढें ठेवून बसतात. पोथींत ठिकठिकाणीं ‘येथें सूक्त म्हणावें’, ‘येथें आरती म्हणावी’ एवढेंच छापलेलें असतें. आरती प्रत्येक ठिकाणीं पुन्हां पुन्हां छापीत नाहींत; ती पोथीच्या शेवटीं एकदांच असते. गुरुजी चालू पानांत बोट घालून ठेवतात, शेवटचें पान उघडून आरती म्हणतात, आणि बोट जेथें असेल तेथें परत येऊन पुढचा विधि चालवितात. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांच्या मालिकेस प्रोग्रॅम म्हणतात. त्यांत वारंवार लागणारें काम एकदांच लिहून ठेवावयाचें आणि लागेल तेव्हां त्याला हांक मारावयाची, अशी जी आज्ञांची लहानशी मालिका, तिला सबरूटीन म्हणतात. हांक मारणें सोपें आहे. खरा प्रश्न पानांत घातलेल्या बोटाचा आहे. यंत्राला बोट नाहीं. तेव्हां काम संपल्यावर परत कोठें जावयाचें, हें त्यानें कसें ध्यानांत ठेवावें?

हा प्रश्न यंत्र तयार होण्यापूर्वींच एका विलक्षण बुद्धिवंताला पडला होता. इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनीं १९४५ सालाच्या अखेरीस टेडिंग्टन येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसाठीं एका संगणकाचा आराखडा लिहिला. त्यांत परतीचा पत्ता ‘पुरून ठेवणें’ आणि काम झाल्यावर तो ‘उकरून काढणें’ अशी योजना त्यांनीं सुचविली होती. शब्द मजेदार होते, कल्पना अचूक होती. पण ज्या यंत्रासाठीं ती केली तें यंत्र त्या रूपांत कधींच उभें राहिलें नाहीं. कल्पना प्रत्यक्षांत उतरविण्याचा मान केंब्रिजकडे गेला.

केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेंत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं एडसॅक नांवाचें यंत्र बांधलें जात होतें. सुमारें तीन हजार निर्वात नळ्या, पाऱ्यानें भरलेल्या लांब नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींच्या रूपानें ठेवलेली स्मृति, आणि आज्ञा देण्यासाठीं भोकें पाडलेली कागदी फीत, असा त्याचा सगळा थाट होता. ता. ६ मे १९४९ रोजीं त्यानें पहिला प्रोग्रॅम पार पाडून शून्यापासून नव्याण्णवपर्यंतच्या आंकड्यांचे वर्ग छापून दिले. विल्क्स यांच्याबरोबर डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल हे दोन तरुण संशोधक काम करीत होते.

परतीच्या पत्त्याची व्यवस्था व्हीलर यांनीं लावली. एडसॅकमध्यें आज्ञा आणि आंकडे एकाच स्मृतींत, एकाच प्रकारच्या खुणांनीं लिहिलेले असत. म्हणून आज्ञेवरसुद्धां बेरीज-वजाबाकी करतां येई. व्हीलर यांनीं याचाच फायदा घेतला. हांक मारण्यापूर्वीं मूळ प्रोग्रॅममधील एक आज्ञा स्वतःचीच नक्कल बेरजेच्या पाटीवर उचलून ठेवी, आणि पुढची आज्ञा सबरूटीनकडे उडी घेई. सबरूटीन कामाला लागण्याआधीं त्या नकलेंत एक ठराविक आंकडा मिळवी. त्या बेरजेंतून ‘अमुक ठिकाणीं परत जा’ अशी नवी आज्ञाच तयार होई, आणि ती सबरूटीन आपल्या शेवटच्या ओळींत स्वतः लिहून ठेवी. काम संपतांना ती ओळ येई आणि यंत्र हांक मारणाऱ्याच्या दारांत परत उभें राही. पुढें ही युक्ति ‘व्हीलर-उडी’ या नांवानें प्रसिद्ध झाली.

तिचा परिणाम दूरवर झाला. एकानें लिहिलेलें काम आतां दुसऱ्याला जसेंच्या तसें वापरतां येऊं लागलें. वर्गमूळ काढणें, ज्या-कोज्या काढणें, आंकडे छापणें, अशीं सबरूटीनें फितींवर भोकून एका पोलादी कपाटांत ठेवण्यांत आलीं, आणि १९५१ पर्यंत त्यांची संख्या ८७ झाली. त्याच वर्षीं विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनीं प्रोग्रॅम लिहिण्याच्या विद्येवर पुस्तक प्रसिद्ध केलें, तें बव्हंशीं या ग्रंथालयाभोंवतींच रचलेलें होतें. आज जगांतला कोणताहि प्रोग्रॅम घेतला, तरी तो हजारों सबरूटीनांच्या हांकांवर उभा असतो. त्याचें मूळ त्या कपाटांत आहे.

आतां धाकट्या बहिणीची कथा. यंत्र चालूं लागून महिना-दीड महिना झाला असेल. विल्क्स हे स्वतः एक अवघड समीकरण सोडविण्याचा प्रोग्रॅम लिहीत होते. फिती भोकण्याची खोली आणि यंत्राची खोली निरनिराळ्या मजल्यांवर होत्या. प्रोग्रॅम चुके, विल्क्स खालीं जात, फीत दुरुस्त करीत, वर येत, पुन्हां चुके. अशाच एका खेपेंत, जिन्याच्या वळणावर, त्यांना एकाएकीं उमगलें कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यांत जाणार आहे. ही आठवण त्यांनीं उतारवयांत लिहिलेल्या आत्मचरित्रांत नमूद केली आहे. त्या समीकरणाच्या प्रोग्रॅमची एक जुनी फीत पुढें पुष्कळ वर्षांनीं सांपडली. इतिहासकारांनीं ती वाचून पाहिली तेव्हां अवघ्या १२६ आज्ञांत सुमारें वीस चुका निघाल्या. यंत्राचा निर्माता, स्वतःचें यंत्र, सव्वाशें ओळी, आणि वीस चुका! पण विल्क्स यांनीं दोष यंत्रावर ढकलला नाहीं, नशिबावर ढकलला नाहीं, आणि लपविलाहि नाहीं. चूक होणारच, तेव्हां ती शोधण्याची पद्धत बसविली पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला. विज्ञानाच्या इतिहासांत अशी नम्रता शोधाइतकीच मोलाची असते.

येथें एका लोकप्रिय आख्यायिकेचा उल्लेख करणें प्राप्त आहे. प्रोग्रॅममधील चुकीला इंग्रजींत किड्याचें नांव आहे, आणि चूक काढण्याला ‘डीबगिंग’ म्हणजे किडा काढणें म्हणतात. ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-टू या यंत्रांत खरोखरच एक पतंग अडकलेला सांपडला, आणि तो नोंदवहींत चिकटपट्टीनें चिकटवून ठेवण्यांत आला. ती वही आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयांत आहे. पण शब्दाचा उगम त्या पतंगापाशीं नाहीं; एडिसन यांनीं तो १८७८ सालच्या पत्रांतहि यंत्रांतील खोडीसाठीं वापरला होता. शिवाय पतंग चिमट्यानें उचलतां येतो. विल्क्स यांच्या चुका चिमट्यानें उचलण्याजोग्या नव्हत्या. त्या विचारांतल्या होत्या.

विचारांतली चूक पकडण्याचे दोन मार्ग गिल यांनीं १९५१ सालीं रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत मांडले. पहिला मार्ग शवपरीक्षेचा. प्रोग्रॅम अडून पडला कीं यंत्राच्या स्मृतींत त्या क्षणीं काय काय होतें, तें छापून काढावयाचें आणि मरणाचें कारण शांतपणें कागदावर शोधावयाचें. दुसरा मार्ग पाठलागाचा. एक वेगळा तपासनीस प्रोग्रॅम मूळ प्रोग्रॅमची एकेक आज्ञा हातीं घेतो, ती पार पाडतो, आणि कोणती आज्ञा झाली याची खूण कागदावर उमटवितो. त्यामुळें प्रोग्रॅम कोणत्या वाटेनें गेला याचा माग शिल्लक राहतो. पहिला मार्ग प्रेत कोठें पडलें तें सांगतो. दुसरा मार्ग तेथपर्यंतचीं पावलें दाखवितो. पुढल्या पाऊणशें वर्षांत दोषशोधनाचीं जीं असंख्य साधनें निघालीं, त्यांपैकीं बहुतेकांचें कूळ या दोहोंपैकीं एकाशीं जुळतें.

ट्युरिंग यांनीं तिसरा मार्ग दाखविला, आणि तो अधिक खोल होता. जून १९४९ मध्यें केंब्रिजलाच भरलेल्या परिषदेंत त्यांनीं मोठा प्रोग्रॅम कसा तपासावा या विषयावर एक छोटासा निबंध वाचला. लांबलचक बेरीज तपासतांना हातचे आंकडे लिहून ठेवलेले असले, तर प्रत्येक स्तंभ निराळा तपासतां येतो. सगळी बेरीज एकदम डोक्यांत धरावी लागत नाहीं. त्याचप्रमाणें प्रोग्रॅममध्येंहि ठराविक टप्प्यांवर ‘या वेळीं अमुक गोष्ट खरी असली पाहिजे’ असें लिहून ठेवावें, म्हणजे तपासणाराला एकेका टप्प्याची खात्री करून घेतां येते, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. हांक मारतांना काय खरें होतें, आणि परत आल्यावर काय खरें असलें पाहिजे, हे दोन प्रश्न दोषशोधकानें कधींहि विसरूं नयेत. पुढच्या सगळ्या हकीकतीचें सार यांतच आहे.

व्हीलर यांच्या योजनेंत एक उणीव होती. परतीचा पत्ता सबरूटीनच्या एकाच ओळींत लिहिला जाई. त्या सबरूटीननें दुसऱ्याला हांक मारली, दुसऱ्यानें तिसऱ्याला, आणि तिसऱ्यानें फिरून पहिल्यालाच, तर पहिला पत्ता पुसून त्यावर नवा लिहिला जाई, आणि यंत्राला घराची वाट सांपडत नसे. यावर तोड निघाली ती उतरंडीची. जुन्या घरांतून मडक्यावर मडकें रचून ठेवीत. शेवटीं ठेवलेलें आधीं काढावयाचें, हा तिचा नियम. त्याचप्रमाणें प्रत्येक हांकेबरोबर परतीचा पत्ता उतरंडीवर चढवावयाचा आणि काम संपलें कीं वरचा पत्ता उतरवून घ्यावयाचा. ट्युरिंग यांच्या पुरण्या-उकरण्यांत या कल्पनेचें बीज होतेंच. म्यूनिक येथील फ्रीड्रिख बाउअर आणि क्लाउस सामेलझन या दोघांनीं अशा रचनेच्या पेटंटासाठीं १९५७ सालीं अर्ज केला. आणि १९६० सालीं डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनीं स्वतःलाच हांक मारणारीं सबरूटीनेंहि तिच्या साह्यानें कशीं चालवावीं, तें विशद केलें. या उतरंडीपासून दोषशोधकाला अनपेक्षित लाभ झाला. प्रोग्रॅम जेथें कोसळेल तेथें उतरंड जशीच्या तशी उभी असते. वरून खालीं वाचीत गेलें कीं कोणाला कोणीं हांक मारली आणि त्याला कोणीं, ही सगळी वंशावळ मिळते. गिल यांचे दोन्ही मार्ग तेथें एकत्र आले.

येथवरचा संगणक गणित्यांच्या घरचा होता. एका समीकरणाचें उत्तर चुकलें, तर तें पुन्हां सोडवितां येई. चुकीचा कागद टोपलींत जाई. पुढें मात्र तो पेढींत, गोदामांत, कचेरींत शिरला, आणि त्याच्याकडे रोजकीर्द व खतावणी आली. माहितीच्या या मोठ्या, सतत बदलत्या, अनेकांच्या हातीं असलेल्या दप्तराला डेटाबेस म्हणतात. येथें सबरूटीनला मारलेल्या हांकेचा अर्थच बदलला. वर्गमूळ काढणारें सबरूटीन काम करून निघून जातें, मागें कांहीं ठेवीत नाहीं. खात्यांत रक्कम मांडणारें सबरूटीन निघून गेलें तरी मांडलेली रक्कम राहते. तें चुकीच्या खात्यांत गेलें, किंवा दोनदां गेलें, तर प्रोग्रॅम संपल्यावरहि ती चूक जिवंत राहते, आणि तिच्यावर पुढचे हिशेब रचले जातात.

दप्तरांतील या चुकांचे नमुने पाहण्याजोगे आहेत. चंद्रावर माणूस धाडण्याच्या अमेरिकेच्या मोहिमेंत अजस्र अग्निबाणाच्या असंख्य सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठीं आय. बी. एम. कंपनीनें इतरांच्या साह्यानें एक डेटाबेस रचला, तो १९६८ सालीं चालू झाला. त्यांतील नोंद मिळविण्यासाठीं प्रोग्रॅमनें एका सबरूटीनला हांक मारावयाची, आणि सबरूटीननें नोंदीबरोबर दोन अक्षरांची एक खूण परत धाडावयाची, असा संकेत होता. खूण कोरी असली तर काम झालें; विशिष्ट दोन अक्षरें आलीं तर मागितलेली नोंद दप्तरांत नाहीं. खूण वाचणें हें प्रोग्रॅम लिहिणाराचें काम. त्यानें आळस केला, तर यंत्र तक्रार करीत नसे. नवी नोंद न मिळतां मागील नोंदीचेच कागद हातांत राहत, आणि प्रोग्रॅम एकाचे आंकडे दुसऱ्याचे समजून बिनदिक्कत पुढें जाई. परतीचा पत्ता बरोबर होता; परत आणलेला निरोप मात्र कोणीं वाचला नव्हता.

दुसरा नमुना अधिक फसवा आहे. चार्ल्स बाकमन यांनीं जनरल इलेक्ट्रिक कंपनींत १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांतच एक डेटाबेस रचला. त्यांत एका नोंदीपासून दुसरीकडे दुव्यांनीं जावें लागे. बाकमन यांना १९७३ सालीं ट्युरिंग पारितोषिक मिळालें, तेव्हां त्यांनीं प्रोग्रॅम लिहिणाराला तारवाच्या सुकाणूवाल्याची उपमा दिली. अशा दप्तरांत ‘सध्यां आपण कोणत्या नोंदीवर आहों’ याची खूण यंत्र ठेवतें. म्हणजे येथें पोथींतलें बोट एक नसून दोन झालीं, एक आज्ञांच्या पानांत, दुसरें दप्तराच्या पानांत. समजा, एका प्रोग्रॅमनें गिऱ्हाइकाचें खातें उघडलें आणि पत्ता तपासण्यासाठीं सबरूटीनला हांक मारली. त्या सबरूटीननें आपल्या कामासाठीं दप्तराचें दुसरें पान उघडलें, आणि पूर्वींच्या पानावर न परततांच तें निघून आलें. पहिलें बोट ठीक जागीं आहे. दुसरें सरकलें आहे. मूळ प्रोग्रॅम ‘याच खात्यांत शंभर मांडा’ म्हणतो, आणि शंभर भलत्याच खात्यांत पडतात. दोन्ही लेखकांचें लिखाण सुटें तपासलें तर निर्दोष दिसतें. चूक दोघांच्या मध्यें, हांकेच्या उंबरठ्यावर असते.

हाच घोटाळा पुढें घरगुती संगणकांवरहि दिसला. अमेरिकेंत पासाडेना येथील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या वेन रॅटलिफ यांनीं रिकाम्या वेळांत लिहिलेला डेटाबेस प्रोग्रॅम १९८० नंतर ‘डी-बेस’ या नांवानें बाजारांत आला, आणि लहान दुकानदारांपासून दवाखान्यांपर्यंत पसरला. त्यांत एका वेळीं एकाहून अधिक वह्या उघडतां येत. सबरूटीननें वही बदलून तशीच ठेवली कीं मूळ प्रोग्रॅम चुकीच्या वहींत लिही. मात्र याच प्रोग्रॅमांत केंब्रिजचा वारसाहि होता. एक आज्ञा दिली कीं प्रत्येक ओळ पार पडतांना पडद्यावर उमटे. दुसरी दिली कीं प्रत्येक ओळीनंतर तो थांबून परवानगी मागे. पुढल्या आवृत्तींत चूक झाली कीं कोणीं कोणास हांक मारली याची यादीहि पडद्यावर येई. गिल यांची पाठलागाची विद्या दुकानदाराच्या टेबलावर येऊन बसली होती.

दप्तरांतील चुकांना आळा घालण्यासाठीं जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ‘व्यवहार’ ही कल्पना शास्त्रशुद्ध केली. एका खात्यांतून काढून दुसऱ्यांत मांडावयाचें असेल, तर दोन्ही गोष्टी व्हाव्या, नाहीं तर एकहि होऊं नये. मध्येंच वीज गेली तर सर्व पूर्ववत् व्हावें. ग्रे यांनींच १९८५ सालच्या एका निबंधांत चुकांचे दोन वर्ग सांगितले: एक नेमानें दिसणाऱ्या, दुसऱ्या शोधावयास जावें तों नाहींशा होणाऱ्या. दुसऱ्या वर्गांतील चूक एकाच्या वेळीं घडते आणि तपासनीस पाहतो तेव्हां घडत नाहीं. तिच्यापुढें उपाय एकच: तक्रार करणारावर अविश्वास न दाखवितां, यंत्रानें ठेवलेला माग पाहणें.

हा उपाय न केल्यास काय होतें, याचें उदाहरण इंग्लंडांतच घडलें. ज्या देशांत विल्क्स यांनीं जिन्यावर ती कबुली स्वतःशीं दिली, त्याच देशांत पन्नास वर्षांनीं, १९९९ पासून, टपाल खात्याच्या शाखांत ‘होरायझन’ नांवाची हिशेबाची संगणक-योजना बसविण्यांत आली. गांवोगांवच्या शाखा चालविणारे उप-पोस्टमास्तर हे बहुधा लहान दुकानदार होते, आणि शाखेंतील तूट त्यांच्या माथीं मारली जाई. संगणकानें तूट दाखविली. मास्तर म्हणाले, पैसे घेतले नाहींत. कंपनीनें सांगितलें, यंत्र चुकत नाहीं. १९९९ ते २०१५ या काळांत नऊशेंहून अधिक लोक चोरी, लबाडी वा खोटे हिशेब यांबद्दल दोषी ठरले. कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचीं घरें गेलीं, गांवांत तोंड दाखविण्याची सोय राहिली नाहीं.

त्या योजनेंत दोष अनेक होते. त्यांपैकीं एक या विषयाचा थेट दाखला आहे. ऑक्टोबर १९१५ नव्हे, ऑक्टोबर २०१५ मधील, म्हणजे अगदीं अलीकडील ही गोष्ट: स्कॉटलंडांतील डॅलमेलिंग्टन येथील शाखेंत आठ हजार पौंडांची थैली जमा करावयाची होती. बटण दाबलें, पण पडदा मिटला नाहीं. म्हणून पुन्हां दाबलें. प्रत्येक वेळीं जमा मांडणाऱ्या त्याच कामाला पुन्हां हांक गेली. आठ हजार चार वेळां मांडले गेले, आणि चोवीस हजार पौंडांची तूट निर्माण झाली. प्रत्यक्षांत एक पेनीहि हललेली नव्हती. थैलीला स्वतंत्र क्रमांक होता. ‘हा क्रमांक पूर्वीं जमा झाला आहे काय?’ एवढा प्रश्न सबरूटीननें विचारला असता, तर दुसरी हांक निष्फळ झाली असती. मागचीं दप्तरें चाळतां पांच वर्षांत अशा दुबार नोंदी ११२ ठिकाणीं आढळल्या. बहुतेक ठिकाणीं हिशेब त्या त्या वेळीं दुरुस्त झाले होते. पण मुळांतला दोष पांच वर्षें कोणीं हुडकून काढला नव्हता.

न्यायालयांत हा बचाव कां टिकला नाहीं, हें समजण्यास कायद्याचा इतिहास पाहावा लागतो. इंग्लंडांत १९८४ च्या फौजदारी पुराव्याच्या कायद्यांत असें एक कलम होतें कीं, संगणकाचा कागद पुरावा म्हणून आणावयाचा, तर संगणक ठीक चालत होता हें आणणारानें दाखवावें. हें कलम जाचक वाटून कायदा आयोगानें १९९७ सालीं तें काढून टाकण्याची शिफारस केली. १९९९ च्या कायद्यानें तें रद्द झालें. मग उरलें तें जुनें गृहीत: विरुद्ध पुरावा येईपर्यंत यंत्र ठीक आहे असें मानावें. घड्याळ किंवा तराजू यांच्याबाबत हें गृहीत वाजवी आहे. तीं बिघडलीं तर बहुधा दिसतें. लक्षावधि ओळींच्या प्रोग्रॅमचें तसें नाहीं. शिवाय विरुद्ध पुरावा म्हणजे यंत्रानें ठेवलेला माग. आणि तो माग फिर्यादीच्या बाजूकडे होता, आरोपीच्या नव्हे.

अखेरीस ॲलन बेट्स या माजी उप-पोस्टमास्तरांच्या पुढाकारानें ५५५ जणांनीं दिवाणी दावा केला. १६ डिसेंबर २०१९ रोजीं न्यायमूर्ति फ्रेझर यांनीं निकाल देऊन योजनेंतील दोष एकेक करून नोंदविले, आणि टपाल कंपनीच्या इन्काराची तुलना पृथ्वी सपाट आहे असें म्हणत राहण्याशीं केली. २३ एप्रिल २०२१ रोजीं अपील न्यायालयानें ३९ जणांची शिक्षा रद्द केली, आणि १९२४ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०२४ सालीं, पार्लमेंटनें खास कायदा करून इतर शेंकडों जणांना एकदम निर्दोष ठरविलें. न्याय झाला, पण ज्यांनीं मध्यंतरीं जगाचा निरोप घेतला त्यांना तो पाहावयास मिळाला नाहीं.

एवंच, सबरूटीनच्या शोधानें मानवाला एक मोठी सोय दिली: दुसऱ्यानें केलेल्या कामावर विसंबून आपलें काम करण्याची. विसंबण्याची सोय जितकी मोठी, तितकी तपासणीची जबाबदारी मोठी, हें एडसॅकच्या मंडळींनीं पहिल्याच वर्षीं जाणलें होतें. म्हणून त्यांनीं ८७ सबरूटीनांच्या कपाटाबरोबरच शवपरीक्षेचीं व पाठलागाचीं साधनेंहि तयार केलीं. व्हीलर यांनीं यंत्राला परतीचा पत्ता दिला. गिल यांनीं माणसाला मागें चालत जाण्याची वाट दिली. ज्या कचेरीनें पहिली देणगी स्वीकारली आणि दुसरी नाकारली, तिनें आपल्या यंत्रांतली चूक गरीब माणसाच्या चारित्र्यांत शोधली. यंत्राचा हिशेब आणि माणसाचा शब्द यांत विरोध आला, तर आधीं हांकांची उतरंड वाचावी आणि मग माणसाकडे बोट दाखवावें, हा धडा केंब्रिजच्या त्या जिन्यावर १९४९ सालींच लिहिला गेला होता.